घड्याळ, नाडी आणि नळीचं हाड: शर्यतीच्या घोड्याची तयारी मोजायची कशी

पहाटे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या वाळूच्या ट्रॅकवर घोडे पळतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात एका ओळीची नोंद येते: '८०० मीटर ५३, ६०० मीटर ४०, मोकळा पळाला.' म्हणजे शेवटचे ६०० मीटर सेकंदाला १५ मीटरने, ताशी ५४ किलोमीटरच्या वेगाने. रेसकोर्सवरच्या माणसाला एवढी ओळ पुरते असा समज आहे. मला ती कधीच पुरली नाही. दोन घोडे शेजारी शेजारी ४० सेकंदांत आले, तरी एकाच्या काळजाचे ठोके मिनिटाला २२० वर गेलेले असतात आणि दुसऱ्याचे १९५ वर थांबलेले असतात. पहिल्याकडे आता देण्यासारखं काही उरलेलं नाही, दुसऱ्याकडे अजून शिल्लक आहे. वेळ सारखी, घोडे वेगळे.

हा फरक मोजता येतो, आणि त्यासाठी फार महागडं सामान लागत नाही. स्टॉपवॉच, स्टेथोस्कोप, थर्मामीटर, शिंप्याची टेप आणि एक जाड पुठ्ठ्याची वही एवढ्यावर निम्म्याहून जास्त काम होतं. हृदयगती मोजणारं यंत्र, जीपीएस, लॅक्टेटमीटर यांची पाळी त्यानंतरची. वही नसेल तर ही यंत्रंही फारशी उपयोगी पडत नाहीत.

या विद्येचा पाया स्वीडनमध्ये घातला गेला. सुने पेर्सन यांनी १९६०च्या दशकात घोड्यांना ट्रेडमिलवर पळवून रक्ताचं एकूण प्रमाण आणि काम करण्याची ताकद यांचा संबंध तपासला. १९८२ मध्ये ऑक्सफर्डला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे सिडनी विद्यापीठात रूबेन रोझ आणि डेव्हिड इव्हान्स यांनी बरंच काम केलं. ट्रेडमिल आपल्याकडे सहसा नसते, पण तिथे सापडलेले नियम ट्रॅकवरही लागू पडतात.

सुरुवात तबेल्यातून, पहाटेच्या अंधारात

घोड्याला हात लावण्याआधी, चंदी (दाणा) देण्याआधी, तो शांत उभा असताना त्याची नाडी घ्या. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून एक धमनी जाते. दोन बोटांनी ती हलकेच दाबली की ठोका लागतो. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागे, थोडा पुढे आत सरकवून लावा. 'लब-डप' असे दोन आवाज मिळून एक ठोका होतो. नवी माणसं दोन्ही आवाज मोजतात आणि आकडा दुप्पट येतो. १५ सेकंद मोजून चारने गुणा. निरोगी घोड्याचा आकडा २८ ते ४० च्या दरम्यान येतो.

ऐकताना एखादा ठोका गाळल्यासारखा वाटेल. तीन-चार ठोके नीट पडतात, मग पोकळ शांतता, मग पुन्हा ठोका. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. पण उत्तम तयारीच्या घोड्यात विश्रांतीच्या वेळी हे सर्रास आढळतं, आणि दुडकीवर चार पावलं पळवलं की नाहीसं होतं. पळवल्यावरही लय तुटकीच राहिली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

नाडीसोबत तापमान (३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस), श्वास (मिनिटाला ८ ते १६) आणि रात्रीची चंदी किती उरली ते लिहा. दहा-बारा दिवसांत त्या घोड्याचा स्वतःचा आकडा तयार होतो. पुस्तकातला आकडा आणि शेजारच्या घोड्याचा आकडा दोन्ही बाजूला ठेवा. तुलना करायची ती फक्त त्या घोड्याची त्याच्याशीच.

हे मी किंमत मोजून शिकलो. माझ्या देखरेखीखाली एक तीन वर्षांची घोडी होती, पहाटेची नाडी कायम ३२ ते ३४. एका गुरुवारी ती ४४ आली. तापमान ३८.१, म्हणजे मर्यादेत. तिची निगा राखणारा सईस म्हणाला, "साहेब, आज हिने चंदी कोपऱ्यात सारून ठेवलीये, खाल्ली नाही." शर्यत नऊ दिवसांवर होती, म्हणून मी तिला गॅलपला, म्हणजे जोराच्या दौडीला, पाठवलं. संध्याकाळी ताप ३९.४ वर गेला. ती शर्यत तर गेलीच, पुढचे सहा आठवडेही गेले. आकडा माझ्या हातात होता, सईसाने तोंडाने सांगितलंही होतं, आणि तरी मी पाठवलं. तेव्हापासून पहाटेची नाडी नेहमीपेक्षा ८-१० ने वर असेल तर त्या दिवशी फक्त चालवणं, दुसरं काही नाही, हा माझ्या तबेल्यातला नियम आहे.

वजन

वजनकाटा असेल तर आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, पाणी पाजण्याआधी वजन घ्या. नसेल तर टेपने काम भागतं. खोगिराचा तंग (छातीखालून आवळायचा पट्टा) जिथे बसतो तिथला छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १८३ आणि लांबी १६५ असेल तर वजन साधारण ४६५ किलो. आकडा दहा-वीस किलोंनी चुकू शकतो. पण एकाच माणसाने एकाच जागी टेप लावली तर चढउतार बरोबर कळतो, आणि आपल्याला तोच हवा असतो.

शर्यतीनंतर उतरलेलं वजन किती दिवसांत परत येतं, ही नोंद फार बोलकी असते. मुंबई-पुणे प्रवासानंतरही हेच पाहा. तीन दिवसांत वजन भरून आलं नाही, तर घोडा अजून थकलेला आहे, मग तो वरून कितीही चकचकीत दिसो.

शिडी: व्ही-२०० काढणं

दमाची खरी मोजणी इथे होते. घोड्याची कमाल हृदयगती साधारण २१० ते २४० असते आणि सरावाने ती वाढत नाही. सरावाने वाढतो तो ठरावीक हृदयगतीला गाठलेला वेग. म्हणून ठोके २०० वर पोचतात तेव्हाचा वेग मोजायचा. त्याला व्ही-२०० म्हणतात. तयारी वाढली की हा वेग वाढतो.

हृदयगतीच्या यंत्राचा एक इलेक्ट्रोड खोगिराखाली खांद्याच्या उंचवट्याजवळ डाव्या बाजूला आणि दुसरा तंगाखाली डाव्या कोपरामागे बसवा. दोन्ही जागी केस पाण्याने चांगले भिजवा. कोरड्या केसांवर यंत्र वाटेल ते आकडे दाखवतं, आणि निम्म्या वाया गेलेल्या चाचण्यांचं कारण हेच असतं. घोडा तापला, घामेजला की आकडे स्थिर होतात.

आधी दहा मिनिटं चाल आणि दुडकी. मग एकाच ट्रॅकवर, त्याच रायडरला बसवून, ६०० मीटरचे तीन टप्पे: पहिला ८६ सेकंदांत, दुसरा ६७ सेकंदांत, तिसरा ५५ सेकंदांत. म्हणजे सेकंदाला साधारण ७, ९ आणि ११ मीटर. मध्ये चालवत परत आणा. प्रत्येक टप्प्यात वेग एकसारखा हवा. सुरुवातीला दाबून शेवटी सोडलेला टप्पा मोजण्याच्या कामाचा नाही. टप्प्याच्या शेवटच्या २०० मीटरमधली स्थिर हृदयगती लिहा.

समजा आकडे आले १६०, १८२ आणि २०४. म्हणजे वेग सेकंदाला एक मीटरने वाढला की ठोके ११ ने वाढतात. २०० ठोक्यांचा वेग निघतो १०.६. सहा आठवड्यांनी त्याच शिडीवर आकडे आले १५०, १७१ आणि १९२, तर व्ही-२०० जवळजवळ ११.८ झाला. रेसकोर्सच्या भाषेत सांगायचं तर पूर्वी २०० मीटरला १९ सेकंद घेताना काळजाला जेवढं काम पडत होतं, तेवढ्याच कामात आता १७ सेकंदांत जातोय. आलेखाच्या कागदावर तीन ठिपके मांडून पट्टीने रेघ ओढली तरी हे दिसतं, कॉम्प्युटर लागत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. १२० च्या खालच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका, कारण तिथे घोड्याचं मन बोलत असतं. शेजारून घोडी गेली, प्लास्टिकची पिशवी उडाली, एवढ्यानेही ठोके उसळतात. आणि ट्रॅक बदलला की तुलना संपली. पावसाने जड झालेल्या वाळूवरचा आकडा कोरड्या वाळूशी जुळवू नका. ही शिडी तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे.

कोणी म्हणेल, १२०० मीटरच्या शर्यतीत दमाचं एवढं काय काम? काम आहे. इतक्या कमी अंतरातही बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेनेच येते. घोड्याचं शरीर त्यासाठीच घडलेलं आहे. जोराने पळताना प्लीहा आकुंचन पावते, साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ६० च्या वर जातं. म्हणून बिचकलेल्या घोड्याचं रक्त घेतलं तर रिपोर्ट फसवतो. रक्त घ्यायचं ते शांत घोड्याचं, रोज त्याच वेळी.

थांबल्यावरचे आकडे

गॅलप संपून घोडा चालीवर आला की घड्याळ सुरू करा. एक, दोन, पाच आणि दहा मिनिटांनी हृदयगती लिहा. पहिल्या मिनिटात आकडा झपाट्याने कोसळतो, मग सावकाश उतरतो. तेच काम, तेच हवामान, आणि पाचव्या मिनिटाचा आकडा मागच्या आठवड्यापेक्षा २० ने वर असेल, तर तीन शक्यता तपासा: ऊन आणि दमट हवा, कुठेतरी दुखणं, किंवा येऊ घातलेला आजार. दुखण्याची शक्यता लोक विसरतात. पाय दुखत असलेला घोडा लंगडण्याआधीच त्याची नाडी उशिरा उतरायला लागते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

लॅक्टेट

हे काम डॉक्टरांसोबतच करायचं. लॅक्टेट म्हणजे जोराच्या कामात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणारा पदार्थ. ठरावीक वेगाच्या कामानंतर साधारण पाच मिनिटांनी मानेच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन हातातल्या मीटरवर मोजतात. विश्रांतीत लॅक्टेट लिटरला एका मिलिमोलच्या आसपास असतं, कडक शर्यतीनंतर २० च्या वर जातं. ४ मिलिमोलला पोचताना असलेला वेग हा व्ही-२०० चाच भाऊ समजा, फक्त तो स्नायूंच्या बाजूने बोलतो. शिडीच्या चाचणीबरोबर महिन्यातून एकदा घेतला तरी चालतं. शर्यत जवळ असताना सुई लावू नका. आणि कडक कामानंतर घोड्याच्या स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा भरायला ४८ ते ७२ तास लागतात, माणसापेक्षा बराच जास्त वेळ. दोन जोरदार कामांमध्ये एकच दिवस ठेवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पाय दमाच्या मागे राहतात

हा सगळा लेख मी या भागासाठी लिहायला घेतला. काळीज आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला आणि टेंडनला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीला) महिने लागतात. व्ही-२०० सुंदर आला, घोडा हातात मावत नाही, रायडर खूश, आणि नेमक्या त्याच वेळी गुडघ्याखालचं नळीचं हाड मागे पडलेलं असतं. बहुतेक मोडतोड याच खिंडीत होते. दमाचे आकडे जितके चांगले, तितकं पायांकडे जास्त लक्ष द्या.

गुडघ्याखाली घोड्याच्या पायात पळवणारा स्नायू नसतो, ते काम टेंडन करतात. चौखूर पळताना पुढच्या पायाचं मागचं टेंडन तुटण्याच्या मर्यादेच्या अगदी जवळपर्यंत ताणलं जातं आणि त्याच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत पोचल्याचं मोजलं गेलं आहे. रोज, तोही आयुष्यभर, इतका ताण सोसणारा हा धागा आहे.

तपासायची रीत अशी. रात्रीच्या पट्ट्या सोडल्यावर अर्धा तास थांबा, कारण पट्टीखालचा पाय तसाही गरम असतो. मग तळहाताची मागची बाजू दोन्ही नळ्यांवर आळीपाळीने लावा. पाय उचलून गुडघ्यात दुमडा, टेंडन सैल पडतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खालपर्यंत इंचाइंचाने दाबत या. जिथे घोडा पाय किंचित मागे घेईल, जिथे कडा गोलसर लागेल, ती जागा वहीत चित्र काढून खूण करा. डावा आणि उजवा यांतला फरक हीच सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात चांगली चाचणी आहे. चांगल्या सईसाची बोटं सूज दिसण्याच्या दोन दिवस आधी ती सांगतात. त्याचं ऐका.

त्यानंतर कडक जमिनीवर, दोरी सैल सोडून, दुडकीवर समोरून आणि मागून पाहा. पुढच्या दुखऱ्या पायावर वजन येताना डोकं वर जातं, चांगल्या पायावर खाली येतं. कामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे न चुकता करा.

कोवळ्या दोन वर्षांच्या घोड्यांचा वेगळा प्रश्न आहे: नळीच्या पुढच्या बाजूला होणारं दुखणं, ज्याला आपल्याकडे सोअर शिन म्हणतात. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डेव्हिड नुनामेकर यांनी यावर दीर्घकाळ काम केलं. हाड त्याच्यावर ज्या दिशेने आणि जितका ताण येतो तसं घडतं, आणि संथ कँटरचा (गॅलपपेक्षा हळू धावेचा) ताण वेगळा, गॅलपचा वेगळा. महिनोन् महिने लांब संथ कँटर देऊन मग एकदम वेग मागितला, तर हाड भलत्याच कामासाठी तयार झालेलं असतं. त्यापेक्षा सुरुवातीपासून आठवड्यातून दोनदा अगदी थोडं अंतर, शे-दोनशे मीटर, वेगाने पळवावं आणि ते अंतर हळूहळू वाढवावं. लांब कँटर त्याच प्रमाणात कमी करावा. जुन्या पद्धतीत वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं. पण पटण्यासारखं आहे.

म्हणून वहीत एक वेगळा रकाना ठेवा: मागच्या ३० दिवसांत घोडा वेगाने एकूण किती मीटर पळाला. सेकंदाला १४ मीटरच्या वरचं सगळं त्यात धरा, शर्यत आणि मॉक रेस (सरावाची शर्यत) सुद्धा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ३० दिवसांत ४४ किलोमीटरपेक्षा जास्त कँटर आणि ६ किलोमीटरपेक्षा जास्त गॅलप झालेल्या घोड्यांत हाड मोडण्याचा धोका विशेष वाढलेला आढळला. त्यांचे ट्रॅक वेगळे, आपली वाळू वेगळी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नका. कल्पना घ्या. दोन्ही प्रकारचं काम एकदम वाढवायचं नाही, आणि आजारपणानंतर राहिलेलं काम भरून काढायचं नाही. बुडालेला गॅलप बुडाला, तो सोडून द्यायचा.

जीपीएस आणि पावलांचे सेन्सर मिळत असतील तर इथे त्यांचं सोनं होतं. चौखूर पळताना एक झेप साधारण ७ मीटरची आणि सेकंदाला सव्वादोन ते अडीच झेपा पडतात. वेग तोच, पण झेप आखूड होऊन संख्या वाढली, तर घोडा काहीतरी चुकवतोय. गॅलपमध्ये एका झेपेला एकच श्वास असतो, त्यामुळे झेप बिघडली की श्वासही बिघडतो.

पाऊस, दमट हवा आणि घाम

आपला हंगाम विचित्र विभागला गेला आहे. पुण्याच्या शर्यती साधारण जुलै ते ऑक्टोबर म्हणजे भर पावसाळ्यात, मुंबईच्या नोव्हेंबर ते एप्रिल. मुंबईत मार्च-एप्रिलला घाम सुकतच नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही. घोड्याच्या घामात रक्तापेक्षाही जास्त क्षार असतात, त्यामुळे नुसतं पाणी पाजून भरपाई होत नाही. चंदीत मीठ द्या.

कामानंतर भरपूर थंड पाणी सतत ओता, चालवा, पुन्हा ओता. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की स्नायू आखडतात ही भीती अजून ऐकू येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत उष्ण-दमट हवेतल्या घोड्यांवर यासाठीच संशोधन झालं आणि ती भीती खरी ठरली नाही.

खोगीर काढल्यावर घाम कुठे आहे ते पाहा. मानेवर आणि मांड्यांत थोडासा ओलावा, बाकी अंग कोरडं, नाकपुड्या फुललेल्या, श्वास धापांचा, तर घोडा ड्राय कोट होतोय, म्हणजे त्याला घाम येणं बंद होतंय. किनारपट्टीच्या हवेत हे नेहमीचं दुखणं आहे. काम ताबडतोब कमी करा, पहाटे लवकर न्या.

आकडे घसरले तर

आधी पाय, मग छाती. व्ही-२०० खाली आला, पाय स्वच्छ आहेत, तर गॅलपनंतर अर्ध्या ते दीड तासात एंडोस्कोपी करून घशात अडथळा आहे का आणि श्वासनलिकेत रक्त आहे का ते पाहून घ्या. एखादा घोडा शर्यतीच्या मध्येच एकदम सोडून देतो, तेव्हा त्याच ठिकाणी ईसीजी काढा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून काही तासांत आपोआप सुधारतेही, मग दुसऱ्या दिवशी काहीच सापडत नाही. ढुंगणाचे पुठ्ठे कडक, घाम फुटलेला, चालायला नकार, अशा वेळी त्याला चालवत तबेल्यात नेऊ नका. जागेवर थांबवा. स्नायूंच्या एन्झाइमसाठी रक्त द्यायचं असेल तर एक तपासणी कामानंतर चार ते सहा तासांनी आणि दुसरी २४ तासांनी घ्या.

वही कोणाची?

माझ्या मते वही सईसाकडे असावी. खरारा तोच करतो, चंदी तोच घालतो, रात्री घोडा किती वेळा आडवा झाला ते त्यालाच ठाऊक. माझ्याकडच्या एका सईसाला लिहिता येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. त्याने चंदीसाठी गोल काढायला सुरुवात केली: सगळी खाल्ली तर भरलेला गोल, निम्मी तर अर्धा, टाकली तर रिकामा. पाय गरम लागला की शेजारी चार रेघा, आणि जो पाय गरम त्या रेघेवर फुली. नाडी मी बोलायचो, तो आकडे उतरवायचा. वही दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली असायची. तापाने बसलेली ती घोडी परत आली तेव्हा आठ दिवस सलग भरलेले गोल आणि ३३, ३४, ३३ असे आकडे पाहूनच मी तिला पुन्हा वाळूवर पाठवलं.